भाग जातो म्हणजे नेमकं काय होतं?

जानेवारीच्या आसपास ‘असर’चा अहवाल आला की दोन दिवस वर्तमानपत्रांत मथळे झळकतात: पाचवीच्या मुलांना भागाकार येत नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला दिली जातात. त्यातलं सगळ्यात वरच्या पायरीचं गणित म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना ते जमलं, आठवीच्या ४५.८ टक्के मुलांना. त्याआधी २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना हेच विचारलं होतं. तिथेही आकडा ४३.३ टक्क्यांवर अडला. पाचवीत जे राहून जातं ते पुढे वयानुसार आपोआप येत नाही, एवढं यातून स्पष्ट होतं.

मग ठरलेल्या चर्चा. ढकलपासवर खापर, गुरुजींच्या मागे लावलेल्या निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामांवर खापर, मोबाइलवर खापर. उपाय मात्र सगळ्यांचा एकच, सराव वाढवा. पानंच्या पानं भागाकार घाला. यातल्या प्रत्येक खापरात थोडंफार तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण मला वाटतं, दुखणं सरावाच्या आधीचं आहे. मुलाला रीत जमत नाही, कारण ‘भागणे’ या क्रियापदाचा अर्थच त्याच्या हाती कुणी दिलेला नसतो. आणि तो अर्थ ज्या भाषेत आयता पडून आहे, त्या भाषेतून गणित काढून घ्यायचा सपाटा आपण पहिलीपासूनच लावला आहे. सेमी इंग्रजीच्या वादात दोन्ही बाजूंनी अस्मितेचे ढोल वाजतात. मला त्यात या एका क्रियापदाची काळजी जास्त वाटते.

रीत कशी शिकवली जाते ते आधी जवळून बघू. ४१२ ला ४ नं भागायचंय. वहीत कंस, वर रेघ, आणि तोंडानं मंत्र. चाराला चारनं भाग, एक वेळा. चारातून चार गेले, शून्य. वरचा एक खाली घ्या. एकाला चारनं भाग जात नाही, पुढचा दोन घ्या. बाराला चारनं भाग, तीन वेळा. उत्तर १३.

मधलं शून्य मुलानं गिळलं. ‘भाग जात नाही’ म्हटल्यावर रेघेच्या वर शून्य मांडायचं असतं, ते राहिलं. चौथी-पाचवीला शिकवणारा कुठलाही शिक्षक ही चूक झोपेतसुद्धा ओळखेल, इतकी ती नेहमीची. आमच्या शेजारची पाचवीतली मुलगी असंच १३ लिहून माझ्याकडे आली होती. मी वही बाजूला सारली आणि म्हटलं, “तुम्ही चौघं भावंडं. आजोबांनी चारशे बारा रुपये दिले, सारखे वाटून घ्या म्हणाले. तुझ्या वाट्याला किती?” तिला क्षणभरही लागला नाही. “शंभर शंभर. वरचे बारा, तीन तीन. एकशे तीन, काका.” मग मी वहीतल्या १३ वर बोट ठेवलं. तिला त्यात काही वावगं दिसेना. “ते भागाकाराचं आहे ना,” म्हणाली.

म्हणजे घरातली वाटणी एका खणात आणि शाळेतला भागाकार दुसऱ्या खणात. दोन्हींत एकच गोष्ट चालते हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ही एका मुलीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. भाजीच्या गाड्यावर अवघड हिशेब चुटकीसरशी करणारी ही पोरं कागदावर मांडलेल्या साध्या भागाकाराशी अडखळतात, आणि शाळेत बरे गुण मिळवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाशी. दोन खणांमधली भिंत दोन्ही बाजूंनी पक्की आहे. ब्राझीलमधल्या रस्त्यावरच्या विक्रेत्या मुलांबद्दल १९८५ सालीच असा अभ्यास झाला होता, त्यामुळे हे आपल्याच नशिबी आलंय असंही नाही. आपल्या नशिबी जे आहे ते वेगळं. ही भिंत पाडायचं हत्यार मराठीत घरचं असून आपण ते माळ्यावर टाकलं आहे.

‘भागणे’ म्हणजे काय, याची खरं तर दोन उत्तरं आहेत. बारा चिंचोके तीन मुलांत वाटायचे असले की एकेक करत तिघांपुढे ठेवत जायचं, संपले की प्रत्येकाचे मोजायचे. इथे माणसं ठाऊक असतात, वाटा शोधायचा असतो. उलट बारा चिंचोक्यांच्या तीन-तीनच्या ढिगाऱ्या करायला सांगितल्या तर मूल मूठमूठ उचलून बाजूला काढत जातं आणि शेवटी ढिगाऱ्या मोजतं. इथे वाटा ठाऊक असतो, किती जणांना पुरेल ते शोधायचं असतं. कागदावर दोन्ही बारा भागिले तीन, उत्तर दोन्हीकडे चार, पण हात वेगळे चालतात आणि प्रश्न वेगळा असतो. बालभारतीची पुस्तकं ही दोन्ही चित्रं दाखवतात, समान वाटणी आणि समान गट. दोष पुस्तकाचा कमी, घाईचा जास्त. चित्रांचं पान पटकन उलटतं, कंस आणि रेघ येते, आणि चिंचोके परत दप्तरात दिसत नाहीत.

आता ४१२ कडे परत जाऊन तीच रीत वाटणीच्या भाषेत म्हणून पाहा. चार शतकं चौघांत, प्रत्येकी एक शतक. एक दशक चौघांत पुरत नाही, म्हणून दशक कुणालाच नाही. त्या दशकाचे दहा सुटे केले, आधीचे दोन, झाले बारा. बारा चौघांत, प्रत्येकी तीन. ‘दशक कुणालाच नाही’ हे वाक्य म्हटलं की शून्य आपसूक लिहिलं जातं, ते ‘न विसरता मांडा’ म्हणून लाल शाईनं बजावावं लागत नाही. रीत तीच, पायऱ्या त्याच. फक्त क्रियापदाला कर्ता आणि कर्म मिळालं.

आणि ‘पुरत नाही’ हे मराठी माणसाला शिकवावं लागतं का? ‘पगारात भागत नाही’ असं घराघरांत रोज म्हटलं जातं. पाच किलो तांदळात पन्नास माणसांचं भागेल का, असं लग्नघरात विचारणारी आजी डोक्यात दुसऱ्या जातीचा भागाकार करत असते: एका पानाला इतका भात, तर एवढ्यात किती पानं. गरज भागते, तहान भागते, एका हंड्यात भागतं, दोन हंड्यांत भागत नाही. थकण्याचं भागणं वेगळं, ते तर चांदोबाला विचारताना मूल बोलायला लागायच्या आधी ऐकतं. कोशकार या भागण्यांची कुळं वेगवेगळी लावतात, थकण्याचं ‘भग्न’कडून, गणितातलं ‘भाग’कडून. ते त्यांचं काम. मुलाच्या कानाला शब्द एकच येतो, आणि हुशार शिक्षकाला एवढा दुवा पुष्कळ झाला.

मग ‘भाग जातो’ यातला ‘जातो’ कुठून आला? माझी एक समजूत आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आजही आहे, म्हणून हे घरचंच उदाहरण. त्या ग्रंथात भागहाराचं सूत्र असं सुरू होतं: भाज्याद्धरः शुध्यति यद्गुणः स्यात्. भाज्यातून हर, म्हणजे भाजक, ज्या पटीनं शुद्ध होतो, ती पट म्हणजे फळ. इथे ‘शुद्ध होतो’ म्हणजे वजा होऊन निघतो. भागाकार म्हणजे एक संख्या दुसरीतून किती वेळा काढून नेता येते, इतकं स्वच्छ. आपण वजाबाकीतही तेच क्रियापद वापरतो. दहातून तीन गेले, सात राहिले. बारातून चार गेले, पुन्हा चार गेले, पुन्हा चार गेले, काही उरलं नाही. तीन वेळा गेले. ‘भाग जातो’ ही या जाण्याचीच आटीव आवृत्ती आहे असं मला वाटतं. मुलाला एवढं दाखवलं की मंत्रातला ‘जातो’ जिवंत होतो. कोण जातो, कशातून जातो, किती वेळा जातो, असे प्रश्न त्याला विचारता येतात. आज शाळेत भाग नुसता जातो, पावसाळ्यात वीज जाते तसा, आणि का गेला ते कुणी विचारत नाही.

इथे प्रत्ययांकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा ऐवज तिथे आहे. ‘बाराला तीननं भाग’ म्हणा किंवा ‘तीननं बाराला भाग’ म्हणा, कोण कापला जातोय आणि कशानं, याबद्दल तिळभर शंका राहत नाही. ‘ला’ आणि ‘नं’ हे दोन प्रत्यय सगळं गणित तोलून धरतात. घरी ‘आईनं बाळाला उचललं’ हे वाक्य कळणाऱ्या मुलाला ‘तीननं बाराला’ हेही कळतंच.

सेमी इंग्रजीच्या वर्गात काय ऐकू येतं? ‘ट्वेल्व्ह बाय थ्री’. गुणाकाराला ‘थ्री इंटू फोर’. इंटूची तर गंमतच आहे. भारतभर ‘इंटू’ म्हणजे गुणिले, तीन इंटू बारा छत्तीस. जिथून ही भाषा आली तिथे मात्र ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणजे बारात तीन किती वेळा जातो, उत्तर चार. एकाच शब्दाचे दोन देशांत उलटे अर्थ, आणि आपण तो सहा वर्षांच्या पोराच्या हातात देतो. पाढ्यांचं काय विचारता! ‘टू वन झा टू, टू टू झा फोर’ असं वर्गाच्या वर्ग गातो. हा ‘झा’ कोण, हे मी अनेक पालकांना विचारून पाहिलं, कुणी सांगू शकलं नाही. तो मूळचा ‘टू टूज आर फोर’मधला, ‘टूज’च्या शेवटचा अनेकवचनी ‘ज’ आणि पुढचा ‘आर’, घासून घासून ‘झा’ झालेला. याउलट बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. यात दुणे, त्रिक, चोक ऐकताना पट वाढतेय हे कानालाच कळतं.

आता दुसरी बाजू. सेमी इंग्रजी मागणाऱ्या पालकांना मी नावं ठेवणार नाही. अकरावीला विज्ञान घेतल्यावर सगळं अचानक इंग्रजीत होतं आणि मराठी माध्यमातली हुशार मुलं दिवाळीपर्यंत गप्प बसून राहतात, हे त्यांनी धाकट्या भावाबहिणीच्या बाबतीत पाहिलेलं असतं. तालुक्याच्या गावातला मुख्याध्यापकही खाजगीत सांगतो, सेमी नसतं तर निम्मा पट समोरच्या इंग्रजी शाळेत गेला असता, तुकडी बंद पडली असती. पट टिकवण्याची ही धडपड खोटी नाही. सेमी इंग्रजीमुळे कितीतरी मराठी शाळांचे दरवाजे उघडे राहिले, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

पण अकरावीच्या भीतीचं औषध पहिलीत पाजून काय उपयोग? भाज्य, भाजक, भागाकार, बाकी या चार नामांची इंग्रजी नावं सहावी-सातवीतलं मूल आठवड्याभरात पाठ करतं, कारण तोपर्यंत ती ज्या गोष्टींची नावं आहेत त्या गोष्टी त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात. क्रियापदाचं तसं नाही. क्रियापद हातानं करून, तोंडानं बोलून, भावंडाशी भांडून अंगात मुरावं लागतं, आणि ते वय सहा ते नऊ. त्या वयात ‘डिव्हाइड’ म्हणजे काय असं विचारलं तर मूल म्हणतं, “ते असं मधे रेघ आणि वर-खाली टिंब.” त्याला चिन्ह माहीत आहे. तेव्हा पाचवीपर्यंत अंकगणित घरच्या भाषेत, सहावीपासून दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी शेजारी, आणि मग ज्याला जायचं त्यानं खुशाल इंग्रजीत जावं. यात पालकाचं काही बुडत नाही.

हे शुद्ध मराठीचं आख्यान नाही, हेही सांगून टाकतो. वजा, बाकी, जमा, खर्च हे सगळे शब्द फारसी-अरबी दफ्तरातून आले आणि कुळकर्ण्याच्या चोपडीत बसून मराठी झाले. गुणाकार-भागाकार संस्कृताकडून आले. शब्द कुठल्या गावचा याला माझ्या लेखी महत्त्व नाही. मूल घरी तो वापरतं का, एवढाच निकष. उद्या ‘शेअर करणे’ हे क्रियापद घरोघर वाटणीच्या अर्थानं रुळलं, आणि ते रुळतंच आहे, तर ‘बारा चॉकलेटं तिघांत शेअर कर’ या वाक्यालाही माझी हरकत नसेल.

उलट पाठ्यपुस्तकी मराठीवरच माझा राग आहे. ‘बारा भागिले तीन बरोबर चार.’ हे ‘भागिले’ देखिले, बोलिलेच्या पंगतीतलं, पोथीतलं रूप. ते जुनं आहे म्हणून मला खटकत नाही. खटकतं ते यासाठी की त्यानं ‘ला’ आणि ‘नं’ दोन्ही खाल्ले. बारा कुणाला? तीन कशानं? इंग्रजीतल्या ‘बाय’ला निदान थोडा तरी प्रत्ययाचा गुण आहे, ‘भागिले’ला तोही नाही. मग मूल तीन भागिले बारा आणि बारा भागिले तीन यांत गोंधळतं आणि ‘मोठ्याला लहाननं भागायचं असतं’ असा स्वतःचाच एक नियम करून टाकतं. पुढे अपूर्णांक आले की हा नियम त्याचा घात करतो. निदान तिसरी-चौथीत हे चिन्ह ‘बाराला तीननं भागलं’ असं वाचायला काय हरकत आहे? चिन्हाचं वाचन ही काही दगडावरची रेघ नव्हे.

पण अशा बदलाचं नुसतं नाव काढलं तर काय होतं ते आपण २०१९ मध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’, त्रेचाळीसबरोबर ‘चाळीस तीन’ असंही वाचता येईल अशी सोय केली होती. मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. कारण साधं होतं, मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात मुलं अडखळतात. विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत त्याची टिंगल झाली. त्या पर्यायाच्या बाजूनं आणि विरुद्ध बरंच काही बोलता येईल. माझा सल एवढाच की संख्यांच्या नावांवरून एवढं रान उठलं आणि त्यांच्यावर चालणाऱ्या चार क्रियापदांबद्दल त्या गदारोळात एक शब्द कुणी काढला नाही. त्रेचाळीसला काहीही म्हटलं तरी ते चौघांत वाटायचे कसे हा प्रश्न तसाच राहतो.

वाटणी या शब्दालाही एक खोट आहे, आणि ती लपवू नये. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला वाटणी म्हणजे ‘समान’ असं सांगितलं तर ते मनात हसेल. दोन एकर दहा गुंठे रान, एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे नव्वद गुंठे, भाऊ तीन. पुस्तकात उत्तर तीस. चावडीवर मात्र ‘सरस-निरस मानाने’ वाटप होतं. विहिरीशेजारचं बागायत ज्याच्या वाट्याला आलं त्याला चोवीस गुंठे, माळाकडच्या दोघांना तेहतीस-तेहतीस. ही वाटणी असमान आहे पण अन्यायाची नाही. तिथे गुंठे समान करायचे नसतात, मोल समान करायचं असतं. त्यात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहेच, ठरावीक क्षेत्राखाली भागू नका म्हणणारा. हे सगळं घरी ऐकलेलं मूल वर्गात येतं आणि त्याला चॉकलेटं वाटायला सांगितली जातात! ‘समान’ ही अंकगणितानं घातलेली अट आहे, वाटणीचा स्वभाव नाही, हे चौथीतल्या पोराशी गुंठ्यांच्या उदाहरणावरून बोलता येतं. उलट तेव्हाच त्याला कळतं की भागाकार हे वाटणीचं एक खास, कडक रूप आहे.

वाटणीचा अर्थ दुसऱ्याही एका ठिकाणी लंगडा पडतो. सहाला अर्ध्यानं भाग. अर्ध्या माणसात सहा पोळ्या कशा वाटणार? इथे मूल हात टेकतं, आणि शिक्षक ‘उलटा करून गुणा’ हा दुसरा मंत्र देतो. दुसरा अर्थ काढा की सगळं सरळ: सहा लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती? बारा. भागूनही उत्तर मोठं आलं, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही हे डेअरीवर सकाळी उभ्या राहिलेल्या कुठल्याही मुलाला पटेल. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनचा पाढा औटकीसुद्धा होती. पण त्या शाळेच्या आठवणीनं गहिवरून जाणं मला जमत नाही. ते पाढे छडीच्या धाकानं पाठ व्हायचे, आणि मुली आणि बहुतेक जाती त्या पंतोजीच्या ओट्यावर चढूही शकत नव्हत्या. त्या काळाकडून घ्यायचं ते एवढंच, की अपूर्णांक हा मोठ्या इयत्तेतला राक्षस नसून रोजच्या मापातला माणूस होता.

शून्यानं भागण्याबद्दल फार लिहीत नाही. शून्य-शून्यच्या ढिगाऱ्या करत बसलं तर बारा चिंचोके कधीच संपत नाहीत, एवढं मुलाला दिसलं की पुरे. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि तिला अनंत मानलं, आजचं गणित ते मानत नाही, हे दहावीनंतर बघता येईल.

राहिली बाकी. भागाकारात खरी अक्कल बाकीशी लागते, आणि तिथेच आपण ‘बाकी अमुक’ असं लिहून खाली दोन रेघा मारतो. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या राष्ट्रीय चाचणीतला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६ बसतात, बस किती लागतील? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं, ‘३१ बाकी १२’. बाकीच्या बारा जणांनी काय बसमागे पळत यायचं? बरोबर ३२ लिहिणारी मुलं जेमतेम २३ टक्के. तेव्हा रीत येणं आणि भागणं कळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्याकडेही खरंच आहे. घरची भाषा असणं पुरेसं नाही, ती वर्गात वापरावी लागते.

आपल्याकडे बाकीचा निवाडा कायदा करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे दर तिसांमागे एक, पण एकसष्टावं मूल आलं की पूर्ण एक शिक्षक वाढतो. बाकी एक उरली तरी ती वरच्या पूर्णांकात जाते. याउलट मदतीचे, अनुदानाचे हिशेब होतात तेव्हा बाकी बहुधा खाली झडते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही यावर वर्षानुवर्षं दुष्काळी सवलती अवलंबून राहिल्या, आणि पैसेवारी म्हणजे दुसरं काही नाही, आलेल्या पिकाला प्रमाण पिकानं भागलेलं. ‘प्रमाण’ कुठलं धरलं, खालचा आकडा कुणी ठरवला, हे विचारायला ग्रामसभेत किती जण उठतात? दरडोई उत्पन्न वाढलं, हेक्टरी उत्पादन वाढलं, सरासरी पगार वाढला. या प्रत्येक वाक्यात एक भागाकार लपलेला असतो, आणि ज्याला कशाला कशानं भागलं हे विचारायची सवय नाही त्याला ते वाक्य नुसतंच ऐकून घ्यावं लागतं. ‘ला’ आणि ‘नं’ पुढे इथपर्यंत येतात.

म्हणून मला हवं ते फार खर्चिक नाही. पाचवीपर्यंत अंकगणित घरच्या भाषेत, मग ती मराठी असो, गोंडी, भिली वा दखनी उर्दू असो. गोंडी बोलणाऱ्या मुलाला माझं ‘भागणे’ही परकंच आहे, आणि त्याच्यावर ते लादणं म्हणजे मी ज्याबद्दल तक्रार करतोय तेच करणं. तिसरीत कंस आणि रेघ येण्याआधी एक पूर्ण सत्र वाटण्याचं आणि ढिगाऱ्यांचं, शतक-दशक-सुटे हातात घेऊन. ‘भागिले’ला दोन वर्षं सुट्टी. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक भागाकाराखाली ‘बाकीचं काय कराल’ असा अर्ध्या गुणाचा प्रश्न. आणि ‘असर’वाल्यांना एक विनंती. मुलानं कागदावर भागाकार सोडवला, किंवा सोडवला नाही, तरी त्याला पुढे विचारा की याच गणिताची एक गोष्ट सांग, कोण होतं, काय होतं, कुणाला किती मिळालं. तो आकडा ३०.७ च्या शेजारी छापा. किती मुलांना रीत येत नाही आणि किती मुलांना नुसती रीतच येते, हे मग वेगवेगळं दिसेल, आणि सराव कुणाला द्यायचा आणि चिंचोके कुणाला, ते शिक्षकाला ठरवता येईल.